एका शाफ्टचा आकडा किती वेळा लिहायचा?

पत्राचा सारांश: कोल्हापूरपासून तासाभराच्या अंतरावरील एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक असलेल्या वाचक भगिनी यांत्रिकी शाखेच्या शेवटच्या वर्षाला ‘संगणक एकात्मिक उत्पादन’, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला सीआयएम हा विषय चार वर्षांपासून शिकवत आहेत. प्रयोगशाळेत शिकवण्यापुरते केलेले एकच छोटे सीएनसी (संगणकाने नियंत्रित) लेथ आहे आणि त्याचा कंट्रोलर दोन वर्षांपासून बंद आहे. मुले व्याख्या पाठ करतात, भागांचा आकार अंकांत मांडणाऱ्या ओपिट्झ संकेतांकाची आकृती काढतात आणि उत्तीर्ण होतात. निम्म्या वर्गाला आयटीत जायचे आहे आणि ‘मॅडम, हे आम्हाला कुठे लागणार?’ या एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाला त्यांना नीट उत्तर देता आले नाही. आता प्राचार्यांनी महिनाअखेरीपर्यंत शिफारस मागितली आहे: रोबो, कन्व्हेयर आणि छोटे मिलिंग यंत्र असलेला प्रशिक्षण संच घ्यायचा, की महागड्या सॉफ्टवेअरचे परवाने? एम.टेक. झाल्यावर थेट अध्यापनात आल्यामुळे कारखान्याचा अनुभव नाही, ही खंत त्यांना वेगळी छळते आहे. ‘यंत्र नाही, अनुभव नाही; अशा वेळी हा विषय दुसऱ्या कुणाला द्यावा अशी विनंती करणेच प्रामाणिकपणाचे ठरेल का?’ असे त्यांनी शेवटी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले ‘यंत्र नाही म्हणून विषय शिकवता येत नाही’ हे वाक्य मी दोनतीनदा वाचले. ते तुम्ही इतक्या सहज लिहिले आहे की, ते गृहीतक आहे हे तुमच्याही लक्षात आले नसावे. खरेदीचा प्रश्न त्यानंतरचा आहे, म्हणून आधी या वाक्याकडे पाहू.

आकड्यांच्या आज्ञेवर चालणारे यंत्र या विषयाच्या कितीतरी आधी आले. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत छिद्रांच्या पट्टीवरून आज्ञा घेणारे मिलिंग यंत्र चालवून दाखवले गेले होते. जोसेफ हॅरिंग्टन यांचे या विषयाच्याच नावाचे पुस्तक मात्र १९७३ मध्ये आले आणि त्यांचा मुद्दा यंत्राविषयी नव्हता. आराखड्यापासून माल रवाना होईपर्यंतचे सारे उत्पादन हे एक अखंड कार्य आहे आणि त्यातली प्रत्येक पायरी मुळात माहितीवर केलेली प्रक्रिया आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तोवर कारखान्यांत जागोजागी स्वयंचलनाची बेटे तयार झाली होती. एका बेटावरची माहिती दुसऱ्या बेटावर माणूस हाताने वाहून नेत होता आणि वाटेत चुकत होता. विषयाच्या नावातला ‘एकात्मिक’ हा शब्द त्या वाहतुकीविषयी आहे. तुमच्याकडे यंत्र बंद असले तरी ही वाहतूक शिकवायला लागणारे साहित्य तुमच्या परिसरात मुबलक आहे, कारण शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींमध्ये ओतकाम, मशिनिंग आणि तपासणी रोज चालते आणि एकच आकडा रोज पाच ठिकाणी पुन्हा लिहिला जातो.

हे मोघम वाटू नये म्हणून एक जॉब घेऊ. पंपाचा साधा पायऱ्यांचा शाफ्ट घ्या. त्यावर बेअरिंग बसण्याची जागा २५ मिमी व्यासाची आहे आणि ड्रॉइंगवर तिची सहनमर्यादा, म्हणजे मापात चालणारा फरक, ‘के ६’ अशी दिली आहे. तक्ता उघडला की कळते की हा व्यास २५.००२ आणि २५.०१५ मिमी यांच्या दरम्यान असला पाहिजे. म्हणजे एकूण मोकळीक १३ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आता मुलांना या शाफ्टचे त्रिमितीय मॉडेल करायला सांगा. बहुतेक सगळे २५ मिमी व्यास टाकतील आणि त्यात त्यांची काही चूक नाही. मग त्याच मॉडेलवरून कॅम, म्हणजे यंत्राचा प्रोग्राम बनवणाऱ्या, सॉफ्टवेअरमध्ये टूलचा मार्ग काढायला सांगा आणि शेवटी विचारा: आपले यंत्र अगदी निर्दोष आहे, मॉडेलात आहे तितकाच व्यास ते काटेकोर कापते असे समजा, हा जॉब तपासणीत पास होईल का?

तो नापास होतो. २५.००० हा आकडा खालच्या मर्यादेच्याही २ मायक्रॉन खाली आहे. निर्दोष मॉडेल, निर्दोष प्रोग्राम, निर्दोष यंत्र आणि तरीही रिजेक्शन, ही गोष्ट वर्गात एकदा घडली की एकात्मिकतेची व्याख्या फळ्यावर लिहिण्याची गरज उरत नाही. ड्रॉइंगवरची सहनमर्यादा मॉडेलच्या भूमितीबरोबर पुढे गेलीच नाही, ती कागदावर राहिली, हे मुलांना स्वतः सापडते. इथून तुम्ही स्टेप या फाइलच्या मानकाकडे जाऊ शकता. आयएसओ १०३०३ या क्रमांकाचे हे मानक १९९४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. त्याचा एपी २०३ हा भाग दीर्घकाळ मुख्यतः भूमिती वाहून नेण्यासाठी वापरला गेला. सहनमर्यादांसारखी माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूपात सोबत नेण्याची सोय २०१४ च्या एपी २४२ मध्ये नीट झाली. अभ्यासक्रमात ‘माहिती देवाणघेवाणीची मानके’ असा जो कोरडा घटक असतो, त्याची गरज मुलांना या शाफ्टमुळे आधी जाणवेल आणि नाव नंतर कळेल.

याच शाफ्टवर अजून थोडे थांबावे असे मला वाटते, कारण खरी श्रीमंती पुढे आहे. प्रत्यक्षात इतक्या कमी मोकळिकीची जागा पुष्कळ ठिकाणी लेथवर पुरी न करता ग्राइंडिंगला पाठवतात. त्यासाठी लेथवर, समजा, ०.३ मिमी माल राखला, तर लेथच्या प्रोग्राममध्ये २५.३ हा व्यास येतो. हा आकडा मॉडेलमध्येही नाही आणि ड्रॉइंगवरही नाही. तो प्रक्रिया आखणाऱ्या माणसाच्या अनुभवातून आला आहे. पुढे इन्सर्ट (टूलचा कापणारा तुकडा) झिजला की ऑपरेटर कंट्रोलरच्या ऑफसेटच्या पानावर काही शतांश मिलिमीटरची दुरुस्ती करतो आणि तो आकडा त्या यंत्रापलीकडे कुणालाच कळत नाही. तपासणीच्या कागदावर २५.००९ लिहिले जाते. स्टोअरच्या संगणकात मात्र यातले काहीच नसते. तिथे फक्त ‘शाफ्ट, रिव्हिजन बी, १०० नग’ एवढेच असते. एकाच व्यासाचे हे इतके अवतार मुलांनी एका तक्त्यात मांडावेत: आकडा कोणता, तो कुणी ठरवला, कशावर लिहिला, पुढे कुणी वाचला, आणि वाचून पुन्हा टाइप केला का. शेवटच्या रकान्यात जिथे जिथे ‘हो’ येईल, तिथे तिथे सीआयएमचे काम बाकी आहे. संगणकाच्या मदतीने होणारी प्रक्रिया आखणी, कॅड आणि कॅमची जोडणी, शॉप फ्लोअरवरून माहिती गोळा करणे, ईआरपी (साऱ्या कंपनीचे व्यवहार एकत्र ठेवणारी संगणक प्रणाली), हे अभ्यासक्रमातले सुटे घटक याच तक्त्याच्या रकान्यांमध्ये जाऊन बसतात.

हा आग्रह पुस्तकी नाही, एवढे सांगण्यापुरता माझा एक अनुभव. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी ज्या कारखान्यात होतो, तिथे ग्राहकाने एका हाउसिंगच्या ड्रॉइंगची नवी रिव्हिजन पाठवली. डिझाइन विभागाने मॉडेल बदलले, तपासणी विभागाला नवा कागद मिळाला, पण यंत्राच्या स्मृतीतला प्रोग्राम जुनाच राहिला. दोन शिफ्टमध्ये मोठ्या संख्येने कास्टिंगे जुन्या मापाने कापली गेली आणि भंगारात गेली. त्या विभागात त्या काळच्या मानाने उत्तम सीएनसी यंत्रे होती आणि माणसेही कामाला चोख होती. ज्याने प्रोग्राम चालवला त्या ऑपरेटरला बोलणी खावी लागली, याचे मला आजही वाईट वाटते, कारण त्याच्यापर्यंत बदल पोहोचवण्याची कोणतीही व्यवस्था आम्ही केलेली नव्हती.

आता तुमच्या कारखान्याच्या अनुभवाविषयी. तो नसल्याची खंत योग्य आहे, पण त्यावरून विषय सोडण्याचा जो निष्कर्ष तुम्ही काढता तो मला पटत नाही. हा अनुभव मिळवण्याचा मार्ग तुमच्या आवाक्यातला आहे. उन्हाळी सुटीत दोनतीन आठवडे एखाद्या मध्यम आकाराच्या मशिनिंगच्या कारखान्यात जाण्याची परवानगी मिळवा आणि तिथे एकच काम करा: एका जॉबच्या रूट कार्डामागे, म्हणजे त्याच्या कामाच्या पायऱ्या लिहिलेल्या कार्डामागे, चालत राहा. कच्चा माल इनवर्ड होतो तिथपासून डिस्पॅचच्या चलनापर्यंत तो जॉब आणि त्याची माहिती कुठे कुठे थांबते ते वहीत लिहा. मालकांकडे जाताना ‘औद्योगिक भेट’ हे शब्द टाळलेले बरे, कारण चाळीस मुलांची रांग तासभर शॉपमधून फिरवण्याला ते कंटाळलेले असतात. तुमच्या नोंदींची एक प्रत त्यांनाही द्याल हे मात्र आवर्जून सांगा. तो तक्ता त्यांच्याही उपयोगाचा असतो. शॉपवर एक बाई वही घेऊन उभी आहे याचे पहिले दोन दिवस कुतूहल होईल, कदाचित थोडा संकोचही होईल. ऑपरेटरला त्याच्या कामाविषयी नेमका प्रश्न विचारणाऱ्या माणसाला शॉपवर लवकर जागा मिळते, असे मी पाहिले आहे. ‘हा ऑफसेट तुम्ही केव्हा बदलता आणि कशावरून ठरवता?’ या एका प्रश्नावर तुम्हाला दोन तासिकांचे साहित्य मिळेल.

आयटीत जाणाऱ्या मुलांना तुम्ही विषयापासून तुटलेली समजता, इथेही थोडे थांबावेसे वाटते. ‘हे कुठे लागणार?’ हा त्या मुलाचा प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. त्याला विषयात स्वतःची जागा दिसली नव्हती. कारखान्यातले उत्पादन नियंत्रित करणारी सॉफ्टवेअरे, भागांच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणाली आणि ईआरपी यांवर काम करणाऱ्या कंपन्यांना प्रोग्राम लिहिता येणारी आणि रूट कार्ड वाचता येणारी माणसे हवी असतात. सगळ्यांना तिथेच नोकरी लागेल असे आश्वासन देऊ नका, पण काम द्या. गट तंत्रज्ञानातली, म्हणजे सारख्या भागांचे गट पाडण्याच्या तंत्रातली, रँक ऑर्डर क्लस्टरिंग ही किंग यांची १९८० ची पद्धत पाहा: कोणता भाग कोणत्या यंत्रावर जातो ते १ आणि ० ने दाखवणाऱ्या तक्त्यातली प्रत्येक ओळ ही द्विमान संख्या मानायची, ओळी उतरत्या क्रमाने लावायच्या, मग स्तंभांचे तसेच करायचे आणि क्रम बदलायचा थांबेपर्यंत हे चालू ठेवायचे. परीक्षेत मुले हे कागदावर कंटाळून सोडवतात. आयटीकडे ओढा असलेल्या मुलांना याचा पायथनमध्ये प्रोग्राम लिहायला सांगा आणि तक्ता पुस्तकातला न देता जवळच्या कारखान्यातल्या पंधरावीस भागांचा द्या. ओपिट्झ संकेतांकाचेही तसेच. आकृती काढून घेण्यापेक्षा त्याच पंधरावीस भागांना भूमितीचे पाच अंक लावायला सांगितले, तर दोन गटांची उत्तरे वेगळी येतात आणि त्या वादातून विषय कळतो.

शॉप फ्लोअरवरची माहिती गोळा करण्याच्या घटकासाठीही मोठा खर्च लागत नाही. तुमच्या कर्मशाळेतल्या साध्या लेथच्या मोटारीच्या एका वायरीभोवती बसणारा विद्युतप्रवाह संवेदक, ईएसपी ३२ सारखा छोटा बोर्ड आणि नोड रेड हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर यंत्र केव्हा कापत होते आणि केव्हा नुसते उभे होते याची नोंद संगणकावर येऊ लागते. वायर जोडण्याचे काम मात्र वीज बंद करून, कर्मशाळेच्या जाणत्या तंत्रज्ञाच्या हातूनच व्हावे. या नोंदींवरून यंत्राची एकूण परिणामकारकता काढता येते. उदाहरणार्थ, ४५० मिनिटांच्या नियोजित वेळेत यंत्र ९० मिनिटे बंद राहिले, उरलेल्या ३६० मिनिटांत प्रत्येकी ३ मिनिटे आदर्श वेळ लागणारे १०८ नग झाले आणि त्यातले १०५ चांगले निघाले, तर उपलब्धता ८० टक्के, वेग ९० टक्के, गुणवत्ता सुमारे ९७ टक्के आणि तिन्हींचा गुणाकार ७० टक्के येतो. सूत्र मुलांना पाठ असते. ९० मिनिटे कशात गेली हे शोधायला उठून यंत्राजवळ जावे लागते, आणि ते जाणे मला महत्त्वाचे वाटते.

बंद पडलेल्या लेथकडे आता नव्याने पाहा. अशा यंत्रांत बहुधा इलेक्ट्रॉनिक्स आधी जाते. बॉल स्क्रू, गाइड आणि चक शाबूत असतील तर लिनक्स सीएनसी या मोफत प्रणालीवर त्याला नवा कंट्रोलर बसवणे हा शेवटच्या वर्षाच्या एका गटाचा उत्तम प्रकल्प होऊ शकतो. ही प्रणाली लेथसाठी वापरता येते आणि स्पिंडलला एन्कोडर असेल तर तिच्यावर आटेही पाडता येतात. त्याआधी मोटारी स्टेपर आहेत की सर्व्हो, त्यांचे ड्राइव्ह चालू आहेत का, हे पाहून घ्यावे लागेल. एक अट मी आग्रहाने घालतो: आपत्कालीन थांबा सॉफ्टवेअरवर अवलंबून नसावा, त्याने ड्राइव्हचा वीजपुरवठा थेट तुटला पाहिजे, आणि चकसमोरचा संरक्षक दरवाजा बसल्याशिवाय एकही जॉब फिरवू नये. प्रकल्प एका वर्षात पुरा झाला नाही तरी बिघडत नाही. पुढच्या तुकडीने तो मागच्या तुकडीच्या नोंदींवरून पुढे न्यायचा, हाही माहितीच्या हस्तांतराचाच धडा आहे.

राहिला प्राचार्यांचा प्रश्न. त्यांची बाजू समजून घ्यायला हवी; मूल्यांकन समितीला आणि प्रवेशासाठी आलेल्या पालकांना दाखवता येईल असे काही त्यांना हवे असेल, तर त्यात गैर काही नाही. रोबो हलताना पाहून मुलांचे डोळे उजळतात, त्याचेही मोल आहे. पण १९८० च्या दशकात जनरल मोटर्सने स्वयंचलनावर अब्जावधी डॉलर खर्च केले आणि तिच्या नव्या कारखान्यांतले रोबो दीर्घकाळ धड चालले नाहीत. त्याच काळात, १९८४ मध्ये, टोयोटाबरोबरच्या भागीदारीत फ्रेमाँट इथला तिचाच बंद पडलेला कारखाना पुन्हा सुरू झाला आणि बहुतांश जुन्याच कामगारांनी, तुलनेने साध्या यंत्रांवर, उत्तम दर्जाच्या गाड्या काढल्या. हे उदाहरण मी नेहमी सांगतो, कारण मोठ्या खरेदीने कामाच्या पद्धतीतली उणीव भरून निघत नाही हे त्यात मोठ्या प्रमाणावर दिसते. त्या प्रशिक्षण संचाबाबत माझी भीती अशी आहे की, तो ठरावीक प्रात्यक्षिक फिरवून दाखवेल, त्याचा कंट्रोलर बंदिस्त असेल, हमीची मुदत संपल्यावर देखभालीचा करार कुणी करणार नाही आणि तीन वर्षांनी तोही तुमच्या लेथशेजारी उभा राहील. महागड्या परवान्यांबाबतही मी सावध आहे. फ्रीकॅडमध्ये कॅमची सोय आहे, काही व्यावसायिक पॅकेजे शिक्षणसंस्थांना मोफत मिळतात, आणि शाफ्टचा धडा एवढ्यावर पूर्ण होतो.

तेव्हा माझे मत यंदा दोन्ही पर्याय थांबवण्याकडे झुकते. निधी याच वर्षी यंत्रसामग्रीवर खर्च होणे बंधनकारक असेल, तर खुल्या कंट्रोलरचे टेबलावर मावणारे एक मिलिंग यंत्र, उद्योगात चालणारा एक पीएलसी (यंत्रांना क्रमाने आज्ञा देणारा नियंत्रक), आणि माप थेट संगणकात पाठवणारे मायक्रोमीटर व उंचीमापक अशी खरेदी सुचवा. माप हाताने लिहावे न लागणे ही गोष्ट दिसायला साधी आहे, पण तुमच्या तक्त्यातला एक ‘हो’ त्याने खोडला जातो आणि मुलांना तो खोडलेला दिसतो.

परीक्षेविषयी एक सावधगिरी. विद्यापीठाची प्रश्नपत्रिका तुमच्या हातात नाही, आणि तिच्यात व्याख्या विचारल्या जातील. मुलांचे गुण पणाला लावून प्रयोग करू नये. प्रत्येक घटकाच्या शेवटी अर्धी तासिका परीक्षेच्या उत्तरांसाठी राखून ठेवा. सत्रकर्म आणि तोंडी परीक्षा मात्र बऱ्याच अंशी तुमच्या हाती असतात. तोंडीत फाइलमधल्या कोणत्याही आकड्यावर बोट ठेवून ‘हा कुठून आला?’ एवढेच विचारा.

विषय दुसऱ्याला देण्याची विनंती करू नका. बंद यंत्र दोन वर्षे डोळ्यांसमोर असताना ज्यांना स्वस्थ बसवत नाही, त्यांच्याकडेच तो असावा असे मला वाटते. मात्र महिनाअखेरीपर्यंत थोडेच दिवस आहेत, म्हणून आधी एक करा. शाफ्टचे मॉडेल आणि सहनमर्यादांसह त्याचे ड्रॉइंग मुलांकडून तयार करून घ्या, ते संचाच्या पुरवठादाराला पाठवा आणि लिहा की, मापे संचाला झेपतील तशी लहान केली तरी चालेल, पण आमच्या विद्यार्थ्यांच्या फाइलपासून सुरुवात करून मोजलेल्या जॉबपर्यंतचे काम तुमच्या संचावर, आमच्या दोन विद्यार्थ्यांसमोर करून दाखवा. मध्ये कोणता आकडा कुणी हाताने टाइप केला हे त्या दोघांना वहीत टिपायला सांगा, आणि तुमच्या शिफारशीला ती दोन पाने जोडा.